मध्यरात्रीचं पीठ

धोतर गुडघ्याच्या वर खोचा आणि पाऊल आडवं टाका. कार्तिकातली पहाट आहे आणि दुर्गाघाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पुरानं आणून टाकलेला गाळ अजून पुरता निघालेला नाही. आत्ताच एक धष्टपुष्ट यात्रेकरू संकल्प सांगायच्या आतच कमरेइतक्या पाण्यात जाऊन बसला. घाटियानं, म्हणजे घाटावरच्या पुरोहितानं, त्याला तिथूनच दक्षिणेचं विचारलं. हसू नका, पुढची पाळी तुमची आहे.

बुडी मारा. पहिल्या बुडीला कानात नुसता घुमघुमाट. दुसऱ्या बुडीला दात वाजतात. तिसऱ्या बुडीनंतर वर येता, डोळे उघडता आणि वासांची झुंबड उडते. मल्लाहांच्या अंगाचं मोहरीचं तेल, कुजलेली फुलं, ओले पंचे, शेण, उगाळलेलं चंदन, आणि या सगळ्यांखालून येणारा चितेचा धूर. मणिकर्णिका वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथली राख प्रवाहाबरोबर तुमच्याकडेच येते. नदीकडे तोंड केलंत की उजव्या हाताला पंचगंगेचा घाट, त्याच्या डोक्यावर औरंगजेबाची मशीद आणि तिचे दोन उंच मिनार. लोक त्यांना माधवरावाचे धरहरे म्हणतात. नीट बघून घ्या. तुमच्या काळात याल तर हे मिनार तुम्हाला दिसायचे नाहीत.

साल कोणतं, ते कोणाला विचारता त्यावर आहे. घाटिया संवत १९०२ सांगेल, इथले दक्षिणी ब्राह्मण शके १७६७ सांगतील आणि सिगऱ्याच्या मिशनमधले पाद्री १८४५. तिघांचंही बरोबर आहे. तिघांनाही बाकीच्या दोघांचं चुकतंय असं वाटतं.

पण इथे कानाला परकं काही वाटत नाही. "अगो, तांब्या कुठे ठेवलास?" हे तुम्ही रत्नागिरीच्या पाणवठ्यावर ऐकलंत तेच इथे काशीत. हा घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी गेल्या शतकात मच्छीमारांकडून जागा घेऊन बांधवला. वर गल्लीत नाना फडणविसांच्या नावाचा वाडा आहे. नावेत बसून वर निघालात तर बाळाजी, ग्वाल्हेर, भोसले, शिंदे असे घाट ओळीनं लागतात. पुण्याच्या दरबाराची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मासे पकडणाऱ्यांची जागा ब्राह्मणांनी घेतली आणि मग तिथे मासळीचं नाव काढायची सोय उरली नाही, हा विनोद मल्लाह अजून एकमेकांत करतात, असं आपण धरून चालू.

तुम्ही सोळा वर्षांचे आहात. शेंडी आहे, मिसरूड नाही. वेद आणि न्याय शिकायला आलात आणि गल्लीतल्या एका आजींच्या ओसरीवर राहता. आजी कोणाच्या, ते कोणालाच नीटसं ठाऊक नाही. लाल आलवणातली, केशवपन केलेली, पाठीत वाकलेली म्हातारी, काशीवासाला आली आणि मरायचं विसरून राहिली. तिच्या देव्हाऱ्यात बोटभर बाळकृष्ण आहे. त्याच्याशी ती दिवसभर बोलते. पाऊस लांबला तर त्याला झापते, दूध नासलं तर त्याला विचारते, आणि कोणी मेलं की दोन दिवस त्याच्याशी अबोला धरते. अबोल्यातही नैवेद्य चुकत नाही, नुसता ताटलीचा आवाज मोठा होतो. नवविधा भक्तीतली आठवी सख्य, हे तुम्ही पाठ केलंय. आजीनं काही पाठ केलेलं नाही.

कालची रात्र आठवते ना? अजून अंग दुखत असेल.

पहिली झोप लागली होती. खाली दारावर थाप पडली. कोकणातून निघालेली यात्रा, नाव अडकली म्हणून मध्यरात्री घाटाला लागली. पाच माणसं, त्यात एक तान्हं. आजीनं कणिंग चाचपून पाहिली, मूठभरही पीठ नव्हतं. मग तुम्हाला उठवून गल्लीत पिटाळलं. काशीची गल्ली रात्री कशी असते ते दिवसा कळत नाही. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. काळोख इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले याचा फरक पडत नाही. पायाखाली काहीतरी ओलं. पुढे काहीतरी गरम आणि श्वास घेणारं. तो सांड निघाला. त्याच्या कुशीला कूस घासून तुम्ही पलीकडे गेलात आणि चौथ्या दाराची कडी वाजवली.

आतून खाकरणं. "कोण मेलं आता?"

"काका, पीठ हवंय. पाहुणे आलेत."

"दार लावलंय, पोरं झोपलीत. सकाळी ये."

तुम्ही पुन्हा कडी वाजवलीत. आतलं पोर रडायला लागलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी तुमच्या बारा पिढ्यांची विचारपूस केली. कुत्री जागी झाली. लाजेनं कान तापले तरी तुम्ही कडी सोडली नाहीत, कारण रिकाम्या हातानं आजीसमोर जाणं हे याहून वाईट. शेवटी अडसर सरकल्याचा आवाज, दाराची फट, आणि त्या फटीतून शेर-दोन शेर पीठ एका फडक्यात असं काही आपटलं गेलं की तुमचं नाक-तोंड पांढरं झालं. तव्यावर पहिली भाकरी फुगली तेव्हा तान्हं झोपलं होतं आणि बाकी चौघं भिंतीला टेकून तव्याकडे बघत होती.

आता अंग पुसा, पोथी घ्या. शास्त्रीबुवांबरोबर जायचंय.

शास्त्रीबुवा म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. बुवा म्हणायचं एवढंच, वय वीस. आजोबा बांद्याच्या नबाबाकडे मोठ्या हुद्द्यावर होते, घर काशीत स्थिरावलं, मुलगा न्यायात आणि व्याकरणात तयार झाला. घराण्यात शिवाची उपासना. यानं विचार करकरून विष्णू धरला. ज्याला घरचा देवसुद्धा वादात जिंकून घ्यावासा वाटतो, असा हा माणूस. जॉन म्यूर नावाच्या एका साहेबानं संस्कृत श्लोकांत 'मतपरीक्षा' लिहून हिंदू शास्त्रांना आव्हान दिलं, तेव्हा नीलकंठशास्त्र्यांनी त्याला उत्तर म्हणून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचला. पूर्वजन्म मानायचा नाही तर तान्ही मुलं आणि मुकी जनावरं कोणत्या पापाचं दुःख भोगतात? हा त्यातला खडा सवाल. तुमच्या काखेत आहे ती त्याच धाटणीच्या टिपणांची पोथी. पडू देऊ नका.

दुर्गाघाट मुक्कीसाठी प्रसिद्ध आहे. दोन गोट समोरासमोर उभे राहतात, नुसत्या मुठीनं ठोसे लगावतात, पायऱ्यांवरचे बघे माना लांबवून ओरडतात, आणि ज्याचं नाक फुटलं तोच संध्याकाळी जास्त फुशारक्या मारतो. शास्त्रीबुवा सिगऱ्याला निघाले ते याच जोशात. चौकात उभं राहून हिंदीत उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ नावाच्या पाद्र्याला एकदा असं चीत करायचं की पुन्हा तोंड उघडायला नको.

चला मागून. पक्क्या महालाच्या गल्ल्या संपेपर्यंत सावली आहे. कचोरीच्या कढईजवळून जाताना श्वास रोखा, आज तुमचा उपास आहे. चौक ओलांडला की ऊन डोक्यावर येतं. एक्क्यांची धूळ दातांत करकरते. कोसभर चाललं की घरं विरळ होतात, आंब्याची झाडं लागतात, मग मिशनचं आवार, चर्चची पांढरी भिंत, आणि दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरांचा अनाथाश्रम. पोरं पाढे म्हणताहेत. सूर तुमच्या पाठशाळेचाच.

स्मिथसाहेब व्हरांड्यात येतात, बसायला सांगतात, पाणी विचारतात. घसा सुकून चिकटलाय, आणि तुम्ही दोघंही नको म्हणता. माठ तीन हातांवर आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा वास येतो. तुम्ही दुसरीकडे बघता.

वाद सुरू होतो. खरं सांगायचं तर साहेब मुक्कीत कच्चे आहेत. शास्त्रीबुवांचा एकेक प्रश्न सटकन बसतो आणि ते कधी उत्तर देतात, कधी थांबतात. पण थांबतात तेव्हा उठून जात नाहीत. घड्याळ काढत नाहीत. एवढ्या उकाड्यात घट्ट बटणांच्या कोटात बसून एका पोरसवदा पंडिताचं पूर्ण ऐकून घेतात, पुस्तक हातात देतात आणि पुन्हा या म्हणतात. हे एकदा नाही, वर्षानुवर्षं चाललं. पुढे १८५० साली स्मिथनी या सगळ्या हकिकतीवर लंडनला 'द्विज' नावाचं पुस्तक छापलं. नीलकंठशास्त्री पुढे ख्रिस्ती झाले, आणि मला विचाराल तर त्या मतांतराचं निम्मं गूढ त्या व्हरांड्यात आहे. जो माणूस वाद हरायला भीत नाही, त्याच्या देवाबद्दल कुतूहल वाटतंच.

आज साहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट काढली, असं समजा. मध्यरात्री एकाच्या घरी पाहुणा येतो. घरात भाकरी नाही. तो मित्राच्या दाराशी जाऊन तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावलंय, मुलं माझ्याजवळ झोपलीत, त्रास देऊ नकोस. पण बाहेरचा इतक्या निलाजरेपणानं मागत राहतो की आतल्याला उठावंच लागतं.

तुम्ही दचकता. ही तर कालची गल्ली. येशूनं सांड तेवढा गाळला.

आणि लगेच तुमच्यातला न्यायाचा विद्यार्थी जागा होतो. म्हणजे यांचा देव कंटाळून देतो की काय? कटकट टळावी म्हणून? तुम्ही विचारताही. साहेब समजावतात की देव त्या झोपाळू शेजाऱ्यासारखा आहे असं नव्हे. शेजारीसुद्धा उठतो, तर देव का नाही उठणार, असा रोख आहे. तर्क म्हणून ठीक आहे. शास्त्रीबुवांना तो पटला का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. पण तुमच्या हाताला मात्र ती लोखंडी कडी पुन्हा जाणवते. आतला परका असता तर तुम्ही एवढी वाजवली असती? पहिल्याच नकाराला शेपूट घालून परतला असता.

ख्रिस्ताशी मैत्री म्हटलं की आपल्याला मऊ चित्रं आठवतात: कोकरू, कंदील, निळा झगा. त्याच नव्या करारात जरा पुढे, योहानाच्या लेखणीतून, येशू जेवणाच्या पंगतीत शिष्यांना सांगतो की यापुढे तुम्हाला चाकर म्हणणार नाही, मित्र म्हणणार, कारण चाकराला धन्याचं मनातलं कळत नाही आणि तुम्हाला मी सगळं सांगितलंय. हे सांगतो ती रात्र पकडले जाण्याची आहे. त्या मित्रांतले बहुतेक पुढच्या काही तासांत पळून जातात. तरी दिलेलं नातं तो परत घेत नाही. नीलकंठशास्त्र्यांना आधी ओढलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं आणि येशूच्या चारित्र्यानं, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. गोड अनुभूती वगैरे काही नाही. ते भांडायला गेले आणि समोरच्याचा स्वभाव त्यांना आवडला.

परत येईपर्यंत अंधार पडतो. पंचगंगेवर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढलेत, अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ वातींनी भरून गेलाय. आजी पंगत मांडते. पत्रावळीवर भाताची मूद, वर वरण, वर तूप. तूप पडताना भाताची वाफ नाकात शिरते. डावीकडे कोपर लागतं ते तेलंगी विद्यार्थ्याचं नाही हं, त्याची पंगत वेगळी. हे कोपर आपल्याच पोटजातीचं, पारखून बसवलेलं. इथे शेजारी बसणं म्हणजे काय हे आत्ता लक्षात येणार नाही. भूक लागलीय, जेवा.

आता थोडं पुढे ढकलतो तुम्हाला, तोल सांभाळा. १८४८, मार्च महिना. फाल्गुनातली ऊब, काशीत होळीची लगबग. बनारसला बाप्तिस्मा घेतला तर गलका होईल, म्हणून नीलकंठशास्त्री जौनपूरला गेलेत. तुम्ही एक्क्यात हाडं खिळखिळी करून घेत मागून पोचता. १४ तारखेला त्यांचा बाप्तिस्मा होतो, नाव नेहेम्या ठेवतात. तुम्ही दारापाशी उभे राहून बघता. रोज पहाटे गंगेत तीन बुड्या मारणारा माणूस, आणि आज हे एवढंसं पाणी. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधायचा मोह होईल. फार शोधू नका. हा माणूस आयुष्यभर शंकांनी ग्रासलेला राहिला. बाप्तिस्म्यानंतरही, धर्मगुरू झाल्यावरही. लोकांना वाटतं शंका आली की मैत्री तुटली. यांची मैत्री शंकांवरच पोसली. रोज रात्री तेच दार, रोज नवा प्रश्न.

किंमत मात्र आजच्या आज वसूल झाली. दुर्गाघाटावर परत या आणि बघा. ओसरीवर त्यांचं नाव निघालं की बोलणं थांबतं. ज्या हातांनी वाढलं ते हात आता लांबून पाणी ओततील, तेही नाहीत. वडील, आप्त, गुरुबंधू, पंगतीतलं कोपर, घाटावरची जागा, सगळं एका दिवसात पलीकडे गेलं. देवाचा मित्र झाला आणि जेवायला सोबत उरली नाही. तुम्हीही जौनपूरला जाऊन आलात ही बातमी तुमच्या आधी पोचलीय, त्यामुळे आजीनं तुम्हाला उंबऱ्याबाहेर बसवलंय. अंघोळ कर, प्रायश्चित्ताचं उद्या बघू, म्हणाली. मग बराच वेळ ताटलीचा आवाज करत राहिली. आणि आतूनच विचारलं:

"तिथे त्याला तूप मिळतं का रे?"

मिळतं म्हणून सांगा. खरं-खोटं नंतर बघू.

पुढचं मी भराभर सांगून टाकतो, कारण तिकडे थंडी आहे आणि तुमच्या अंगावर एक उपरणं. पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग, स्वतःही ख्रिस्ती झालेला, १८५४ साली विलायतेला गेला तेव्हा नेहेम्या गोरे पंडित म्हणून त्याच्याबरोबर होते. कोळशाच्या धुरानं काळवंडलेलं लंडन, गर्दी, दारूचे गुत्ते. मॅक्स म्यूलरना ते भेटले तेव्हा खचलेले होते. हा जर ख्रिस्ती धर्म असेल तर मला परत हिंदुस्थानात जायचंय, अशा अर्थाचं ते बोलल्याचं म्यूलरनी लिहून ठेवलंय. नव्या करारात ज्याची ओळख झाली त्याचा पत्ता त्यांना त्याच्याच म्हणवणाऱ्या शहरात सापडेना. मित्राच्या घरी जावं आणि घरच्यांनी ओळख दाखवू नये, तसं.

त्याआधी १८५३ साली काशीत त्यांना मुलगी झाली होती, एलेन लक्ष्मी. आई लगेच गेली. मुलगी परक्यांच्या घरी, पुढे इंग्लंडात वाढली. तिनं १८८३ मध्ये स्तोत्रांचा एक छोटा संग्रह काढला. त्यातलं 'इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स' हे गीत इंग्रजी बोलणाऱ्या चर्चांतून दूरवर गायलं गेलं, अजूनही गातात. देवाशी एकांतात मनातलं बोलणं हाच त्याचा विषय. दुर्गाघाटच्या आजीला ते इंग्रजी कळलं नसतं, आशय तत्काळ कळला असता. बापाला जे आयुष्यभर झगडून मिळवावं लागलं ते लेकीच्या शब्दांत इतकं सहज आलंय की हेवा वाटावा. आईविना, देशाविना वाढलेल्या पोरीला तो सहजपणा कुठून मिळाला असेल? त्याच १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्याला इथवर आणण्यात फादर गोऱ्यांचा वाटा मोठा होता हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. वाद घालणाऱ्याला वाद घालणाराच लागतो.

पुरे. विलायतेची थंडी झटका आणि दुर्गाघाटाच्या पायरीवर परत उतरा. १८६० उलटलंय. दुपार कलती आहे, पायऱ्या तळपायाला भाजतात, खाली मल्लाह नावेला डांबर फासताहेत आणि त्याचा कडू वास वर येतोय. आजी नाही. तिचा बाळकृष्ण कोणाकडे गेला ते विचारू नका, त्यावरून गल्लीत दोन तट आहेत. वेताच्या छत्रीखाली चार-पाच शास्त्री गोळा झालेत आणि मधोमध एक छापील पुस्तक उघडं पडलंय. 'षड्दर्शनदर्पण', कर्ता नेहेम्या नीलकंठ गोरे, भाषा हिंदी. सहाही दर्शनांवर आक्षेप, आणि तेही दर्शनं याच गल्लीत घोकलेल्या माणसाचे. शिवता कोणी येत नाही, सोडवत कोणालाच नाही. एकजण पान काडीनं उलटतो. दुसरा म्हणतो, सांख्यावर लिहिलंय ते चूक आहे, पण चूक मोठी देखणी आहे. तिसरा संतापून थुंकायला उठतो आणि उठल्यावर विचारतो, पुढे काय म्हणतोय?

मग त्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं. तुम्ही बाटलेल्याच्या मागे जौनपूरला गेला होतात, तुमचं प्रायश्चित्त अर्धवट राहिलंय, हे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे पुस्तकाला हात लावायला तुमच्याइतका सोयीचा माणूस घाटावर दुसरा नाही.

"बस," छत्रीखालचे सगळ्यात वयस्कर शास्त्री म्हणतात, "आणि मोठ्यानं वाच. पहिल्या पानापासून. मध्ये मी थांबवीन तिथे थांब, मला त्याला उत्तर द्यायचंय."